करिजिनी राष्ट्रीय उद्यान : वाळवंटी घळयांच्या भेटीचे नियोजन

प्रस्तावना

वाळवंटी प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशाला सर्वप्रथम तहानेची भीती वाटते. प्रवासाची तयारीही मग त्याच भीतीभोवती होते. पाण्याच्या बाटल्या, टोपी आणि उन्हापासून बचावाची साधने एवढे बरोबर घेतले की तयारी पूर्ण झाली, असे समजले जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील करिजिनी राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत ही समजूत चुकीची नाही. पण ती निम्मीच आहे. येथे पठारावर पाणी मिळत नाही, तर शंभर मीटर खाली घळईच्या तळाशी इतके थंड पाणी साठलेले असते की त्यात उतरलेला माणूस काही वेळातच थरथरू लागतो. शिवाय दूरवर कोठे तरी झालेल्या पावसाने हेच पाणी घळईत कोणतीही पूर्वसूचना न देता वाढते. उष्माघात, शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घसरणे आणि पुरात वाहून जाणे हे तीनही धोके एकाच उद्यानात, काही वेळा एकाच दिवसाच्या अंतराने संभवतात. म्हणून करिजिनीच्या भेटीचे नियोजन म्हणजे मुख्यतः पाण्याचे नियोजन होय, ही भूमिका धरून प्रस्तुत लेखात या उद्यानाची भूरचना, हंगाम, प्रवासमार्ग, घळयांतील वावर आणि तेथील भूमीचा इतिहास यांचा विचार केला आहे.

स्थान, विस्तार व नाव

करिजिनी राष्ट्रीय उद्यान पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या पिलबरा विभागात, हॅमर्सली पर्वतरांगेत, मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस वसलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,२७४ चौ. कि. मी. असून ते गोवा राज्याच्या दीडपटीहून अधिक भरते. राज्यातील राष्ट्रीय उद्यानांत त्याचा दुसरा क्रमांक लागतो. राजधानी पर्थपासून सडकेने हे अंतर जवळपास १,४०० कि. मी. आहे. आकडा मुंबई-दिल्ली अंतराएवढाच. परंतु मुंबई-दिल्ली मार्गावर दर तासाला एखादे शहर भेटते, तर पर्थहून उत्तरेस निघालेल्या मार्गावर काही ठिकाणी दोनशे कि. मी.पर्यंत पेट्रोलपंपही लागत नाही. अंतराची ही दोन रूपे ध्यानात न घेतल्यामुळेच अनेकांचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी कोलमडते.

१८६१ साली एफ. टी. ग्रेगरी याच्या शोधमोहिमेने या पर्वतरांगेस हॅमर्सली हे नाव दिले. १९६९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यानही प्रथम त्याच नावाने ओळखले जात असे. करिजिनी हे या रांगेचे बन्यजिमा भाषेतील नाव आहे. १९९१ साली उद्यानाने ते अधिकृतपणे स्वीकारले. बन्यजिमा, यिनहावांग्का व कुरामा हे या भूमीचे परंपरागत धनी मानले जातात. उद्यानाचे अभ्यागत केंद्र २००१ साली उभारण्यात आले. त्याची वास्तू या प्रदेशातून सरपटत जाणाऱ्या घोरपडीच्या आकाराची कल्पिलेली आहे. बहुतेक पर्यटक येथे नकाशा घेण्यापुरते थांबतात. वास्तविक घळयांत उतरण्यापूर्वी या केंद्रात एक तास घालविल्यास पुढील तीन दिवसांत जे पाहावयाचे त्याचा अर्थ लागतो. तेव्हा तो तास वेळापत्रकात आधीच धरणे इष्ट.

खडक आणि घळया

महाराष्ट्रातील वाचकास ज्या खडकाची सवय असते तो काळा बेसाल्ट होय. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा. करिजिनीच्या घळयांच्या भिंती ज्या खडकाच्या आहेत तो सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला. त्या काळी समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह मोठ्या प्रमाणावर होते. सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते तळाशी बसू लागले, असे या खडकाचे सर्वसामान्यतः स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण आहे. लोहाचा थर, त्यावर सिलिकेचा थर, पुन्हा लोहाचा थर अशा पातळ पट्ट्यांनी तो बनलेला असल्याने त्यास पट्टेदार लोहखडक म्हणतात. याच जातीचा खडक भारतातही आहे. गोव्याचे लोहखनिज आणि गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडचे डोंगर हे त्याच कुळातील होत.

उद्यानातील डेल्स घळईचे नाव भूशास्त्रात सर्वत्र परिचित आहे. कारण जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या एका खडकसमूहास तिचेच नाव देण्यात आले आहे. या समूहात पट्टेदार लोहखडकाचे १७ आणि शेलचे १६ मोठे थर एकाआड एक येतात. लोहखडक कठीण, तर शेल ठिसूळ असतो. पाण्याने शेल आधी झिजतो आणि वरचा लोहखडक छज्जासारखा बाहेर राहतो. घळईच्या भिंतींना ज्या पायऱ्या दिसतात त्या अशाच झालेल्या आहेत. प्रवाशाच्या दृष्टीने या माहितीचा उपयोग केवळ कुतूहलापुरता नाही. पाय ठेवण्यास सोयीच्या वाटणाऱ्या या पायऱ्यांच्या कडा खालून पोकळ झालेल्या असू शकतात, लोहखडकाचा ओला पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असतो आणि वरून दगड सुटण्याचा धोका वर्षभर राहतो. दरड कोसळण्याच्या भीतीने येथील काही वाटा दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या आहेत. यासाठी कोणत्या वाटा खुल्या आहेत ही माहिती जुन्या प्रवासवर्णनांवरून न घेता जाण्याच्या आठवड्यात उद्यान विभागाच्या सूचनांवरून घ्यावी.

घळया मात्र खडकाच्या मानाने अगदी अलीकडच्या आहेत. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्रपातळी खाली गेल्याने नद्यांचा उतार वाढला, त्या वेगाने खोल कापू लागल्या आणि पठारात अरुंद, उभ्या भिंतींच्या घळया तयार झाल्या. वीआनो, हॅनकॉक, जॉफ्री आणि रेड या चार घळया जेथे एकत्र येतात ते ठिकाण वरील सज्जावरून पाहताना पठार आणि तळ यांतील शंभरेक मीटरचे अंतर एका दृष्टिक्षेपात कळते. पठारावर स्पिनिफेक्सचे काटेरी गवत आणि पांढऱ्या खोडाची युकॅलिप्टसची विरळ झाडे असतात, तर तळाशी नेचे, वडाच्या कुळातील रानझाडे आणि जवळजवळ वर्षभर पाणी आढळते. उन्हापासून भिंतींनी राखलेले हे पाणी म्हणजे मागे कधी तरी पडलेल्या पावसाची ठेव आहे. जमिनीत मुरून ते झऱ्यांवाटे बाहेर पडते आणि सावलीमुळे आटत नाही.

हंगामाची निवड

करिजिनीत वर्षाकाठी सुमारे २५० ते ३५० मि. मी. पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. बहुतांश पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या काळात वादळी सरींच्या किंवा समुद्रावरून आलेल्या चक्रीवादळांच्या रूपाने येतो. या काळात दिवसाचे तापमान वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. म्हणजे अतिउष्णता आणि अकस्मात पूर हे दोन्ही एकाच हंगामात येतात. उलटपक्षी मे ते सप्टेंबर हा काळ कोरडा, दिवसा सुखद आणि रात्री थंड असतो. जून-जुलैच्या काही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. वाळवंट म्हणून केवळ सुती कपडे घेऊन गेलेल्या कुटुंबाने तंबूत रात्र कुडकुडत काढणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

दक्षिण गोलार्धातील ऋतू उलट असल्याने महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या सुट्ट्यांचा येथे वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्याची सुट्टी या उद्यानासाठी अत्यंत अनुकूल होय. पावसाळा नुकताच सरलेला असल्याने धबधब्यांना पाणी असते, उन्हाचा तडाखा उतरलेला असतो आणि घळयांतील पाणी अजून हिवाळ्याइतके गारठलेले नसते. दिवाळीची सुट्टी मात्र अशा वेळी येते की उष्णता झपाट्याने वाढू लागलेली असते. त्या काळात जाणे अशक्य नसले तरी दुपार घळईबाहेरच्या वाटांवर घालविणे टाळलेच पाहिजे. नाताळच्या सुट्टीत करिजिनीचा बेत न आखणेच शहाणपणाचे. जुलै हा ऑस्ट्रेलियातील शालेय सुट्टीचा आणि म्हणून सर्वाधिक गर्दीचा काळ असतो. उद्यानात मुक्कामाची ठिकाणे दोनच आहेत : डेल्स येथील तंबूतळ आणि जॉफ्री घळईनजीकचे, मूलनिवासींच्या गुमाला या संस्थेच्या मालकीचे निवासस्थान. दोन्हींचे आरक्षण कित्येक महिने अगोदर करावे लागते. आरक्षण न मिळाल्यास टॉम प्राइस गावी राहून रोज ये-जा करता येते. परंतु त्यात सकाळचा सर्वोत्तम वेळ मोटारीत जातो.

प्रवास, वाहन आणि शिदोरी

भारतीय नागरिकास ऑस्ट्रेलियाचा अभ्यागत व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. तो मिळाल्यानंतरच पुढील आरक्षणे करावीत. पर्थहून विमानाने पॅराबर्डू किंवा न्यूमन येथे उतरून तेथे भाड्याने मोटार घेणे हा वेळ वाचविणारा मार्ग आहे. पॅराबर्डूपासून टॉम प्राइस सुमारे ८० कि. मी., तर न्यूमनपासून उद्यान सुमारे २०० कि. मी. अंतरावर आहे. उद्यानापर्यंत सार्वजनिक वाहतूक नाही आणि उद्यानाच्या आतही नाही. डेल्स घळईहून वीआनोकडे जाण्यास मोटारीने सुमारे तास लागतो. तेव्हा स्वतःचे वाहन किंवा मार्गदर्शकासह सहल यांखेरीज पर्याय उरत नाही.

वाहतूक भारताप्रमाणेच डाव्या बाजूने असल्याने भारतीय चालकास सुरुवातीस सोपे वाटते. अडचण पुढे येते. महामार्गावर खनिजाची ने-आण करणाऱ्या, एकामागे एक वाघिणी जोडलेल्या मालमोटारी धावतात. त्यांची लांबी ५० मीटरहून अधिक भरते. आपल्याकडील मालमोटारीच्या अंदाजाने त्यांना ओलांडू जाणे जीवघेणे ठरते. सूर्यास्तानंतर रस्त्यावर कांगारू व मोकाट गुरे येतात, म्हणून मुक्काम दिवसाउजेडी गाठावा. उद्यानातील काही रस्ते डांबरी, काही कच्चे आहेत. भाड्याच्या साध्या मोटारींच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास बहुधा मनाई असते. हे कलम न वाचता सही करणारे प्रवासी थोडे नाहीत आणि विम्याचा प्रश्न उपस्थित झाल्यावरच ते वाचले जाते. उद्यानात इंधन मिळत नाही. टॉम प्राइस, न्यूमन किंवा महामार्गावरील थांब्यावर टाकी पूर्ण भरूनच आत शिरावे. भ्रमणध्वनीची सेवा गावाबाहेर पडताच खंडित होते. म्हणून उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारे छोटे यंत्र बरोबर ठेवावे आणि आपला बेत कोणास तरी कळवून जावे. एखादा जखमी झाल्यास मदत पोहोचण्यास आणि त्यास घळईतून वर काढण्यास कित्येक तास लागू शकतात, हे गृहीत धरूनच औषधपेटी भरावी.

पिण्याच्या पाण्याचा हिशोब दरडोई दररोज निदान चार लिटर, उष्ण दिवसांत त्याहून अधिक, असा करावा आणि तो मुक्कामाच्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्त धरावा. पिलबऱ्यात वार्षिक बाष्पीभवनाची क्षमता पावसाच्या कितीतरी पट असते. अशा कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्यापूर्वीच वाळतो. त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाज कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या माणसास येत नाही.

शिदोरीबाबत एक व्यावहारिक बाब सांगणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात प्रवेश करताना बरोबरचे सर्व खाद्यपदार्थ आगमनपत्रकात नोंदवावे लागतात. दुधातुपाचे घरगुती पदार्थ, बी-बियाणे आणि ताजी फळे यांवर कडक निर्बंध आहेत. न सांगता नेलेला लाडवांचा डबा जप्त तर होतोच, शिवाय मोठा दंडही भरावा लागू शकतो. कोरडा शिधा पर्थमध्ये विकत घेणे सोयीचे. तंबूतळावर लाकडे पेटविण्यास मनाई असल्याने गॅसची शेगडी लागते.

घळईत उतरताना

ऑस्ट्रेलियात पायवाटांची १ ते ६ अशा वर्गांत प्रतवारी करण्याची पद्धत आहे. पहिला वर्ग चाकाच्या खुर्चीलाही सुगम असतो, तर सहाव्या वर्गात दोर, गिर्यारोहणाचे शिक्षण आणि तज्ज्ञ सोबत अनिवार्य ठरते. करिजिनीतील प्रेक्षणीय म्हणून छायाचित्रांतून गाजलेली बहुतेक स्थळे चौथ्या व पाचव्या वर्गाच्या वाटांवर आहेत. नियोजनातील खरा निर्णय येथेच घ्यावा लागतो. कुटुंबातील वृद्ध आणि लहान मुले यांच्यासह जाणाऱ्यांना कलामिना घळई, तसेच डेल्स घळईतील फोर्टेस्क्यू धबधब्यापर्यंतची पायऱ्यांची वाट झेपण्याजोगी आहे. वीआनो घळईतील कठड्याच्या आधाराने उतरावयाचा डोह आणि हॅनकॉक घळईतील, दोन्ही भिंतींवर हातपाय टेकून कोळ्यासारखे पुढे सरकावे लागते ती चिंचोळी वाट, ही पाचव्या वर्गातील होत. गट कोणता मार्ग घेणार हे गटातील सर्वांत दुर्बळ व्यक्तीवरून ठरावे. तरुण मंडळी पुढे जातील आणि बाकीचे वाटेत बसतील, ही आपल्याकडील गडकिल्ल्यांवरची प्रथा येथे घातक आहे. कारण बसणाऱ्यास सावलीत ओल्या कपड्यांनी तासन्‌तास थांबावे लागते.

थंडीचा मुद्दा येथे विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण वाळवंटात त्याची कल्पना कोणी करीत नाही. अरुंद घळईच्या तळाशी दिवसातून फार थोडा वेळ ऊन पोहोचते. हिवाळ्यात तेथील डोह अतिशय गार असतात आणि काही वाटांवर पोहून किंवा छातीभर पाण्यातून गेल्याखेरीज पुढे जाता येत नाही. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते. आरंभी थरथर सुटते, नंतर बोटे नीट वळत नाहीत आणि बोलणे अडखळू लागते. ज्या क्षणी पकड घट्ट हवी त्याच क्षणी ती सैल होते. निसरड्या खडकावरील अपघातांचा विचार करताना हे लक्षात ठेवावे. पोहण्याचा विशेष जाड रबरी पोशाख, जलरोधक पिशवीत कोरडे कपडे, काही गोड खाद्य आणि ओल्या खडकावर पकड देणारे बंद बूट ही साधने हिवाळ्यातील घळईत टोपीइतकीच महत्त्वाची आहेत. घळईत उतरण्यासाठी सकाळी उशिरा ते दुपारी लवकर हा काळ निवडावा. तेव्हा तळाशी थोडेफार ऊन असते आणि परतीस उजेड पुरतो. पठारावरील वाटांचे वेळापत्रक याच्या नेमके उलट असते. पुनुरुन्हा अर्थात माउंट ब्रूस हे १,२३४ मीटर उंचीचे, राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर आहे. त्याची जाऊन-येऊन ९ कि. मी.ची चढण पहाटेच सुरू करावी लागते.

पुराचा धोका समजण्यास सह्याद्रीत भटकणाऱ्यांना फार सायास पडू नयेत. भंडारदऱ्याजवळची सांधण दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना दोन भिंतींच्या मधून पाणी आले तर पळण्यास बाजूच नसते, हे ठाऊक असते. सह्याद्रीत निदान पावसाळा ओळखता येतो. पिलबऱ्यात माथ्यावर निरभ्र आकाश असताना कित्येक कि. मी. दूर कोसळलेल्या सरीचे पाणी घळईत येते. उघड्या खडकाच्या आणि कडक मातीच्या पठारावर पाणी मुरत नाही, ते वाहून घळईकडेच जाते. एप्रिल २००४ मध्ये हॅनकॉक घळईच्या पुढील भागात जखमी झालेल्या एका पर्यटकास बाहेर काढण्यासाठी बचावपथक उतरले होते. त्या वेळी अचानक आलेल्या लोंढ्यात राज्य आपत्कालीन सेवेचे स्वयंसेवक जिम रेगन यांचा मृत्यू झाला. तेथील डोह आता त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या भागात उतरणे सहाव्या वर्गातील मानले जाते. पावसाचा अंदाज वर्तविला असल्यास घळईत न उतरणे, पाऊस सुरू होताच बाहेर पडणे, आणि पाणी गढूळ होताना किंवा पालापाचोळा वाहत येताना दिसल्यास सामान सोडून चढू लागणे, हे उद्यानाचे नियम प्रवाशाच्या सोयीसाठी नाहीत. प्रवासी चुकला तर त्यास आणण्यासाठी दुसऱ्या कोणास तरी त्याच पाण्यात उतरावे लागते, हे २००४ च्या घटनेने दाखवून दिले आहे.

याच कारणाने वेळापत्रकात किमान एक रिकामा दिवस ठेवावा. दूरवरून आलेला पर्यटक, पैसे खर्च झाले आहेत आणि उद्या परतीचे विमान आहे, या विचाराने नको तेव्हा घळईत उतरतो. तीन रात्रींचा मुक्काम आणि त्यातील एक दिवस मोकळा, ही मांडणी खर्चिक वाटली तरी अशा दूरस्थ स्थळी तीच परवडणारी ठरते. डोहात वरून उडी मारणे मात्र कोणत्याही दिवशी वर्ज्य समजावे; पाण्याखालचे दगड वरून दिसत नाहीत.

विटनूम : नकाशावरून पुसलेले गाव

उद्यानाच्या उत्तर सीमेलगतच्या भागाविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. पट्टेदार लोहखडकांच्या थरांत निळ्या ॲसबेस्टॉसचे, अर्थात क्रोसिडोलाइटचे तंतू सापडतात. विटनूम घळईत ते १९३० च्या दशकापासून काढले जाऊ लागले. १९४३ पासून सी. एस. आर. या साखर कंपनीच्या उपकंपनीने तेथे मोठ्या प्रमाणावर खाणकाम केले. कामगारांच्या फुप्फुसांना होणाऱ्या अपायाविषयी डॉ. एरिक सेंट यांनी १९४८ मध्येच इशारा दिला होता. खाण १९६६ साली बंद झाली. तीही तोट्यामुळे, आरोग्यामुळे नव्हे. खाणीचा सुमारे तीस लक्ष टन चुरा घळईत तसाच पडून राहिला. तोच गावातील रस्त्यांवर व अंगणांतही पसरण्यात आला होता. तेथील कामगार आणि रहिवासी मिळून दोन हजारांहून अधिक लोक पुढे ॲसबेस्टॉसजन्य विकारांनी मृत्यू पावल्याचे मानले जाते. त्यात अंगणात खेळून मोठी झालेली मुलेही आहेत. २००७ मध्ये गावाचे नाव अधिकृत नोंदीतून काढण्यात आले, २०२२ मध्ये गाव कायमचे बंद करण्याचा कायदा झाला आणि २०२३ मध्ये उरलेली घरे पाडण्यात आली.

मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तंतू शरीरात गेल्यानंतर अनेक दशकांनी उद्‌भवू शकतो. त्यामुळे ओसाड गाव पाहण्याची हौस म्हणून तेथे जाऊन आलेल्यास त्या दिवशी काहीच झालेले दिसत नाही आणि म्हणूनच दुसरा जाण्यास धजावतो. जुन्या नकाशांवर उद्यानात शिरण्याचा मार्ग म्हणून दाखविलेली यॅम्पायर घळईही याच कारणाने बंद आहे. नियोजन करताना जुने नकाशे व जुनी मार्गदर्शिका बाजूस ठेवाव्यात. घळईत निळसर तंतुमय खडक दिसल्यास त्यास हात लावू नये, नमुना म्हणून तो उचलून तर मुळीच आणू नये. महाराष्ट्रात ॲसबेस्टॉसचा परिचय ‘सिमेंटचा पत्रा’ या निरुपद्रवी नावाने आहे. तो पत्रा वेगळ्या जातीच्या तंतूचा असला आणि भारतात त्याचा वापर आजही चालू असला, तरी विटनूमची हकिकत वाचल्यावर मोडक्या पत्र्याकडे पाहण्याची दृष्टी बदलल्याशिवाय राहत नाही.

मूलनिवासींची भूमी

ज्या भूमीत विटनूम आहे त्या भूमीवरील बन्यजिमा लोकांचा परंपरागत हक्क न्यायालयाने २०१४ साली मान्य केला. परंतु हक्क मिळालेल्या भूमीचा एक मोठा तुकडा विषारी चुऱ्यामुळे त्यांनाच वापरता येत नाही. उद्यानाच्या दुसऱ्या अंगाला मरांडू ही लोहखाण आहे. ती उद्यानातून वगळलेल्या क्षेत्रात, सर्व बाजूंनी उद्यानाने वेढलेली, १९९४ पासून चालू आहे. पुनुरुन्हाच्या पायवाटेवरील पहिल्या सज्जावरून ती स्पष्ट दिसते. एका बाजूस संरक्षित घळया आणि दुसऱ्या बाजूस त्याच खडकातून भरून निघणाऱ्या आगगाड्या, हे दृश्य पर्यटनपुस्तिकांत आढळत नाही. मे २०२० मध्ये याच पर्वतरांगेत, उद्यानाबाहेर, जुकान घळईतील ४६,००० वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा असलेले खडकनिवारे रिओ टिंटो कंपनीने खाणीसाठी सुरुंग लावून उद्ध्वस्त केले, तेव्हा जगभरातून निषेध झाला आणि कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यास पद सोडावे लागले. या पार्श्वभूमीवर पाहुण्याकडून मूलनिवासींची अपेक्षा अगदी साधी आहे.

डेल्स घळईत फोर्टेस्क्यू धबधब्यापासून थोड्या अंतरावर नेच्यांनी वेढलेला एक डोह आहे. त्याचे मूळ नाव जुबुरा. परंपरागत धन्यांच्या दृष्टीने हे स्थान पवित्र असल्याने तेथे आरडाओरडा करू नये, धबधब्यावरून उड्या मारू नयेत, पाण्यात हळुवारपणे उतरावे, अशी विनंती करणारा फलक तेथे आहे. पाण्यात शिरण्यापूर्वी अंगाला लावलेले ऊनरोधक मलमही पुसून टाकावे; कारण साचलेल्या डोहात ते दीर्घकाळ राहते. सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी गेल्यास डोहाकाठच्या झाडांवर लटकलेली वटवाघळे आणि भिंतीवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज एवढेच तेथे असते.